पंप तीनशे

हौसामावशींनी केस बांधायला दोन्ही हात वर केले आणि माझी नजर त्यांच्या डाव्या दंडावर गेली.

सोमवारची सकाळ होती. बार्शीच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये पहिली पाळी साडेसहाला बसायची. मावशी नेहमीसारख्या सगळ्यांच्या आधी येऊन खिडकीजवळच्या तीन नंबरच्या बेडवर मांडी घालून बसल्या होत्या आणि तोंडात आकडे धरून अंबाडा घालत होत्या. डाव्या दंडावरची बाही खांद्यापर्यंत सरकली होती. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून त्या दंडातली शीर धमनीला जोडली होती. ती फुगून अंगठ्याएवढी जाड झाली होती. आम्ही तिला फिस्टुला म्हणतो. दर सोमवारी आणि गुरुवारी तिच्यात दोन सुया टोचायच्या, एकीतून रक्त मशिनमध्ये घ्यायचं, दुसरीतून धुतलेलं परत द्यायचं. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाचा सगळा जीव त्या एका शिरेत असतो.

हात वर केला की ही शीर बसायला हवी. रक्त उतरतं, ती मऊ पडते. आम्हाला हे पहिल्या महिन्यातच शिकवतात. मावशींची शीर हात वर करूनही टम्म फुगलेलीच होती. म्हणजे पुढे कुठंतरी वाट अरुंद झाली होती.

"बघतीस काय नुसती? ये की," मावशी आकडा खोचत म्हणाल्या. "लाव हात. कशी धडाधडा उडतीया बघ आज! लई जोर आलाय."

मी बोटं टेकवली. उडत होती खरी. पण फिस्टुला उडायचा नसतो. तो बोटांखाली सारखा थरथरत राहायला हवा, चालू गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखा. उडायला लागला की समजायचं, पुढं अडलंय. मावशींना वाटत होतं जोर वाढला, आणि पाच आठवडे मी त्यांना तसं वाटू देत होते.

"चांगलं आहे ना गं?"

"झोपा मावशी. उशीर होतोय."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची टेक्निशियन होते आणि सेंटरमध्ये माझं फार नाव होतं. सारिकाच्या हाताला दुखत नाही, असं पेशंट एकमेकांना सांगायचे. माझा जोडीदार दत्तू घोंगडे. त्याचा हात असा, की तो सुई घेऊन निघाला की माणसं देवाचं नाव घ्यायची. त्यामुळे सगळ्यांना मी हवी असायचे. मला त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि मीही खुशाल वर जाऊन बसले होते.

त्यात कसब काही नव्हतं. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा टोचलं की तिथलं कातडं बधिर होतं. मी मावशींना दोन वर्षं त्याच दोन जागी टोचत होते. दंडावर त्या जागी दोन उंचवटे आले होते. किडनीचे डॉक्टर बोधले दर शनिवारी पुण्याहून यायचे. त्यांनी एकदा ते उंचवटे पाहून मला बाजूला घेतलं होतं. "जागा बदलत जा सारिका. शीर खराब होईल, मधल्या भागात आवळेल." मी हो सर म्हटलं. सोमवारी थोडं वर टोचलं, तर मावशी "आई गं!" म्हणून असं ओरडल्या की पलीकडच्या बेडवरचे काका उठून बसले. "काय गं सारके, दत्तूचं वारं लागलं व्हय तुला?" सगळे हसले. गुरुवारी मी पुन्हा जुन्या जागी टोचलं.

आणि मग पाच आठवड्यांपूर्वी मशिन कोकलायला लागलं.

धुतलेलं रक्त शरीरात परत जाताना किती दाब लागतो, ते मशिन दाखवतं. वाट आवळली की दाब वाढतो आणि अलार्म वाजतो. पंपाचा वेग कमी केला की दाब उतरतो, अलार्म गप्प होतो; रक्तही मग कमीच धुतलं जातं. मावशींना त्या आवाजाची भीती वाटायची. "बंद कर गं त्ये, जीव घाबरा हुतो," त्या म्हणायच्या. पहिल्या दिवशी मी पंप मिनिटाला तीनशे मिलीलिटरवरून अडीचशेवर आणला. पुढच्या आठवड्यात दोनशे. मग पावणेदोनशे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण झाकणाऱ्याला तेवढा वेळ बरं वाटतं.

डॉक्टर बोधल्यांना सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, जागा बदललीस का. तोच मला नको होता.

त्यांना तक्त्यावरूनही कळलं नाही, कारण आमच्याकडे एक रीत होती. मशिनं आठ आणि माणसं दोन. दर तासाला प्रत्येक पेशंटचे आकडे तक्त्यात लिहायचे, असा नियम. ते जमायचं नाही. म्हणून पाळी सुरू होतानाच चारही तासांचे आकडे आम्ही एका दमात भरून टाकायचो. पंप तीनशे, दाब एकशेचाळीस. पंप तीनशे, दाब एकशेचाळीस. असं चारदा. माझ्या आधीच्या माणसानं मला हे शिकवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं. काही वेगळं झालं तर नंतर खोडून दुरुस्त करायचं, असं ठरलेलं होतं. पण खोडलेला तक्ता मी तिथं कधी पाहिला नव्हता.

त्या सोमवारी पंप दीडशेवर आणला तेव्हा कुठे अलार्म थांबला. चार तासांनी सुया काढल्या, कापूस दाबून धरला. एरवी दहा मिनिटांत रक्त थांबायचं. पंधरा झाली, वीस झाली. कापूस बदलला की लगेच लाल. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी घड्याळाकडे. पस्तीस मिनिटांनी रक्त थांबलं, तेव्हा माझे दोन्ही अंगठे बधिर झाले होते.

मी बाहेर जाऊन डॉक्टर बोधल्यांना फोन लावला.

"सर, हौसाबाई ढेंगळेंचा दाब वाढलाय. हात वर केला तरी शीर बसत नाही. रक्तही लवकर थांबलं नाही."

"आजच?"

"हो सर. आजच."

तीनच शब्दांचं उत्तर दिलं मी.

"उद्या सकाळी सोलापूरला डॉक्टर हिरेमठांकडे पाठव. मी बोलतो त्यांच्याशी. फुगा घालून शीर उघडतील. महिन्याभराच्या तक्त्यांच्या झेरॉक्स फाईलला लाव."

मावशींना मी सांगितलं, शिरेत बारीक तार घालतात, तारेवरून फुगा नेतात, आवळलेल्या जागी तो फुगवतात आणि काढून घेतात. कापाकापी नाही.

त्यांनी एकच विचारलं. "नळी न्हाई ना घालत गळ्यात?"

उजव्या हाताचा फिस्टुला त्यांचा आधीच बंद पडला होता. तेव्हा गळ्यात नळी घालून डायलिसिस केलं, तिला जंतुसंसर्ग झाला आणि मावशी एकवीस दिवस थंडीतापानं आयसीयूत पडून होत्या. मार्केट यार्डामागं त्यांचं भाकरीचं दुकान. हमालांसाठी रोज दीडशे-दोनशे भाकरी थापायच्या. त्या एकवीस दिवसांनंतर पुन्हा पीठ मळायला लागायला त्यांना चार महिने लागले.

"फुगा चालला तर नळी नाही," मी म्हटलं.

"आन् न्हाई चालला तर?"

मी दंडावरची पट्टी नीट करायला लागले.

"मग आयक. ह्यो हात ग्येला तर मला गाडीत घाला आन् घरी न्या. नळी मी घिनार न्हाई. अलके, तू बी आयक." सून अलका पायथ्याशी उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला. "रडाय काय झालं? आजून हाय की हात. सारके, तू चल उद्या संगं. तू आसलीस की मला भ्या वाटत न्हाई."

मंगळवारी सकाळी जीपनं निघालो. मावशी पुढं बसल्या होत्या. वैराग गेल्यावर म्हणाल्या, "पाय कसं गळून गेल्यात बघ. उचलतच न्हाईत. रातभर जागी हुते, त्यामुळं आसंल."

मला शंका यायला हवी होती. किंवा आली होती आणि मी ती ढकलून दिली, आता नक्की सांगता येत नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं. फुगा फुगेल, वाट उघडेल, गुरुवारपासून पंप खराखुरा तीनशेवर जाईल, आणि मागचं मागं राहील.

डॉक्टर हिरेमठ बुटके, हळू बोलणारे गृहस्थ निघाले. त्यांनी मावशींचा दंड दोन्ही हातांत घेतला, बोटांनी खालपासून खांद्यापर्यंत चाचपला, हात वर करायला सांगितला. उंचवट्यांवर बोट ठेवून विचारलं, "सुई कोण टोचतं?"

"ही आमची सारका," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "कळतबी न्हाई कवा टोचली त्ये. लई गुणाची पोरगी हाय डाक्टर. लेकीवानी बघती मला."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

रक्त तपासायला गेलं. मावशींना हिरवा गाऊन घालून ट्रॉलीवर झोपवलं आणि फुग्याच्या खोलीच्या दाराशी आणून ठेवलं. अलका बाहेर बाकावर बसली. मी फाईल घेऊन ट्रॉलीजवळ उभी. मावशींनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

नर्स कागद घेऊन आली. "सर, पोटॅशियम सात पूर्णांक एक."

रक्तातलं पोटॅशियम साडेपाचच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. सातच्या वर हृदय कधीही थांबू शकतं, बोलता बोलता. पाय गळून जाणं ही त्याचीच खूण.

"सात?" डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "काल डायलिसिस झालंय ना? फाईल द्या."

मी फाईल दिली. त्यांनी झेरॉक्स उलटल्या. एक, दोन, तीन. माझं अक्षर चांगलं आहे. सगळे आकडे स्वच्छ दिसत होते.

"काल चार तास, पंप तीनशे. गुरुवारी तीनशे. त्याच्या आधीही तीनशे." ते स्वतःशीच बोलत होते. "चार तास पूर्ण वेगानं रक्त धुतल्यावर दुसऱ्या दिवशी सात येणार नाही. नमुना फुटला असेल, पेशी फुटून आकडा खोटाच वर गेला असेल. घेताना जोर केला का?"

"शीर सापडत नव्हती सर," नर्स म्हणाली. "दोनदा टोचावं लागलं."

"तेच. दुसरा नमुना पाठवून द्या. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत तासभर जाईल, मला एक वाजता दुसरी केस आहे. आपण टेबलवर घेऊन सुरू करू."

फाईल मिटून त्यांनी माझ्या हातात दिली. वॉर्डबॉयनं ट्रॉलीचा ब्रेक सोडला.

मला सांगायचंय ते एवढ्याच वेळाचं. पाच पावलं असतील ट्रॉलीपासून दारापर्यंत. डॉक्टर म्हणतायत ते बरोबरही असू शकतं, मी स्वतःला सांगितलं. नमुना फुटतो, कितीदा पाहिलंय. दुसरा रिपोर्ट येईलच तासाभरात. टेबलवर घेतल्यावर मॉनिटर लावतातच, काही असलं तर त्यांना दिसेल. आणि आत्ता तोंड उघडलं तर नोकरी जाईल, बोधले सर पुन्हा तोंड बघणार नाहीत, बार्शीत कुणी दारात उभं करणार नाही. हे सगळं खरं होतं. आणि मावशींच्या शरीरात पाच आठवड्यांचं विष साठलेलं होतं, हेही खरं होतं. ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं.

"भिऊ नगं," मावशी मला म्हणाल्या. "तुझंच त्वांड उतरलंय की."

त्यांनी माझं मनगट सोडलं, ट्रॉली पुढं गेली म्हणून.

"सर, तीनशे नव्हता," मी म्हणाले.

आवाज फारच बारीक आला. डॉक्टर दारात पोचले होते.

"सर! पंप तीनशे नव्हता. काल दीडशे होता. पाच आठवडे कमी आहे. नमुना फुटलेला नाही सर, ते सात खरं असेल."

ट्रॉली थांबली. डॉक्टर मागं वळले.

"मग हे आकडे?"

"आधीच भरलेले असतात."

"कोण भरतं?"

"मी."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नर्सला इतकंच सांगितलं, "ईसीजी. इथंच, आत्ता."

पट्टी निघायला लागली. मला त्यातलं थोडं कळतं. लाटा भाल्यासारख्या उंच आणि टोकदार होत्या. डॉक्टरांनी पट्टी बोटांत धरून पाहिली आणि भराभर सांगायला लागले, कॅल्शियमचं इंजेक्शन हळूहळू द्या, मग ग्लुकोज आणि इन्सुलिन, नाकाला वाफेचा मास्क लावा, एकची केस पुढं ढकला. माणसं धावायला लागली. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

"या पट्टीवर मी यांना टेबलवर घेतलं असतं," डॉक्टर माझ्याशी म्हणाले, "तर काय झालं असतं, माहीत आहे?"

"हो सर."

"बाहेर जाऊ नका. मागच्या दहाही वेळचा पंप किती होता, आठवून लिहून द्या. खरा. मला तो लागणार आहे."

मी फाईलच्याच मागच्या बाजूला लिहायला बसले. दीडशे. पावणेदोनशे. पावणेदोनशे. तारखांसकट सगळं आठवत होतं, एकही आकडा विसरले नव्हते.

"सारके."

मास्क बाजूला सरकवून मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ट्रॉली माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

"दीडशे म्हंजी तीनशेच्या निम्मं का गं?"

"हो मावशी."

"म्हंजी माझं रगत निम्मंच धुतलं व्हय?"

"हो."

"पाच आठवडं?"

"हो."

त्यांनी मास्क परत नाकावर ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं.

दोन तास गेले. इतके लांब दोन तास माझ्या आयुष्यात दुसरे नाहीत. ईसीजीच्या लाटा हळूहळू बसल्या. पोटॅशियम पाच पूर्णांक नऊवर आलं. डॉक्टर म्हणाले, हा उतार तात्पुरता आहे, सहा तासांत पुन्हा चढेल. तोवर फिस्टुला उघडून डायलिसिस झालं पाहिजे. नाहीतर गळ्यात नळी. मावशींनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. अलका त्यांच्या पाया पडली, तरी मान नाहीच.

म्हणजे आता सगळं फुग्यावर होतं.

मला काचेमागं उभं राहू दिलं. मावशींच्या दंडाला भुलीचं इंजेक्शन दिलं, शिरेत औषध सोडलं आणि पडद्यावर त्यांची शीर काळी उमटली. चांगली रुंद येत होती आणि बरोबर त्या दोन उंचवट्यांच्या मध्ये दोऱ्याएवढी झाली होती. दोन वर्षं मी तिथंच टोचत होते. तार त्या दोऱ्यातून पुढं सरकवायला डॉक्टरांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला. फुगा गेला. मदतनीस दाबाचे आकडे मोठ्यानं सांगू लागला.

"आठ. दहा. बारा."

फुगा दोन्ही टोकांना फुगला आणि मधोमध करगोटा बांधल्यासारखी खाच राहिली. मावशी कण्हल्या.

"चौदा. सोळा."

खाच तशीच होती.

"हे जुनं आहे, टणक झालंय," डॉक्टर म्हणाले. "साधा फुगा काढा. जास्त दाबाचा द्या." मग मान वर न करता काचेकडे म्हणाले, "पाच आठवडे म्हणालात ना? तरी बरं, कळलं. कालपासूनचं समजून मी सोळावर थांबलो असतो."

दुसरा फुगा गेला. अठरा. वीस. मावशी ओरडल्या. असं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी आयुष्यभर लोकांना दुखू नये म्हणून धडपडले आणि ते ओरडणं काचेतून ऐकत उभी होते, आणि मनात म्हणत होते, आणखी, सर, आणखी.

"चोवीस. सव्वीस."

खाच पटकन सुटली. फुगा एकसारखा लांबट गोल झाला. डॉक्टरांनी मिनिटभर तो तसाच धरला, मग उतरवला आणि पुन्हा औषध सोडलं. काळी रेघ खालपासून खांद्यापर्यंत एकसलग रुंद गेली. मी काचेखालच्या कट्ट्याला धरलं.

"या आत," डॉक्टर मला म्हणाले. "हात लावून बघा. शिकण्यासारखं आहे."

मी आत गेले. दंड पुसून मोकळा ठेवला होता. मी हात पुढं केला आणि मावशींनी आपला हात अंगाशी ओढून घेतला.

मावशींनी उजव्या हाताची बोटं स्वतःच दंडावर ठेवली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच पडून राहिल्या.

"थरथरतंय," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "उडत न्हाई. थरथरतंय."

संध्याकाळी तिथंच डायलिसिस झालं. टोचणारा टेक्निशियन अनोळखी होता. दर तासाला मावशी त्याला विचारत होत्या, "किती हाय पंप?" आणि तो तीनशे म्हणाला की "दाव" म्हणत होत्या. त्यांना अंक वाचता येत नव्हते. तरी पडद्याकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि मगच मान टेकायच्या.

बुधवारी सकाळी परत निघालो. रात्रीच मी बोधले सरांना फोन करून सगळं सांगितलं होतं. पुढं मला तीन महिने मशिनला हात लावू दिला नाही, आणि आकडे आधी भरायची रीत त्याच आठवड्यात बंद झाली. पण जीपमध्ये मला त्यातलं काही सुचत नव्हतं. मावशी या वेळी मागं बसल्या होत्या, सुनेजवळ. मी पुढं. मी दोनदा मागं वळले आणि दोन्ही वेळा काही न विचारता परत समोर बघत बसले.

मार्केट यार्डामागं जीप थांबली. अलका पिशव्या घेऊन आत गेली. मी मावशींना उतरायला हात दिला. त्यांनी तो घेतला नाही, दाराला धरून स्वतःच उतरल्या.

"उद्या दत्तूला टोचाय सांग," त्या म्हणाल्या. "नव्या जागी."

"सांगते." मग मला राहवलं नाही. "मावशी, माझं चुकलं हो. फार मोठं चुकलं. मला शिव्या तरी द्या."

"शिव्या कशाला दिऊ?" त्यांनी पदर नीट केला. "घाबरली हुतीस, दडवलंस. मान्सं दडवत्यात. माझ्या दुकानातबी करपल्याली भाकरी पोरी चळतीत खाली घालत्यात." त्या पायऱ्यांकडे वळल्या. "मला राग त्येचा न्हाई आला."

"मग?"

"काल ट्रालीवर तुझा हात धरला हुता मी. तवाबी तुला ठावं हुतं."

यार्डात पोती उतरवणाऱ्यांचा गलका चालला होता.

"तू काल गप बसली आसतीस ना सारके," हौसामावशी म्हणाल्या, "तर मी तुला चांगली म्हनत मेले आसते."

आणि दंडावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून, हळूहळू पायऱ्या चढून आत गेल्या.